माहेरचे डास

लग्नात बायकोबरोबर कुणाच्या घरी शिलाई मशीन येतं, कुणाच्या घरी गाय. सुरेंद्रच्या संसारात डास आले. घरी नव्हे, प्रयोगशाळेत. पण ते नवराबायको दिवसाचा बहुतेक वेळ तिथंच काढत, तेव्हा तेच घर म्हणायचं.

त्याचं असं झालं. सुरेंद्र तेव्हा भोसरीच्या एका लहानशा संशोधन संस्थेत नुकता लागला होता. डेंग्यूचा डास कुठं कुठं अंडी घालतो हे शोधत तो गल्लोगल्ली हिंडायचा आणि लोकांच्या पाण्यात डोकं घालायचा. दिघीत एका परसातल्या रांजणावर तो असाच ओणवा झालेला असताना मागून आवाज आला, "पाव्हणं, पानी प्यायचं आसंल तर तांब्या देते की. तोंड कशाला घालताय?"

ही त्याची होणारी सासू. तिच्या मागं ओढणी तोंडाला लावून हसत होती ती विजयश्री. प्राणिशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी, तिला अळ्या लगेच ओळखू आल्या. त्या त्याने बाटलीत भरल्या तेव्हा सासू एवढंच म्हणाली, "आमच्या रांजनात किडं हायेत म्हनून गावभर सांगू नका म्हंजे झालं."

त्याने सांगितलं नाही. पण अळ्यांचे डास झाले, डासांची पिंजऱ्यात वस्ती झाली, वस्तीला ‘दिघी’ हे नाव पडलं आणि पुढं विजयश्री त्याच संस्थेत रुजू झाली, तेव्हा ती वस्ती तिच्याच हाती आली. हाती म्हणजे अगदी शब्दशः. डासाची मादी रक्त प्यायल्याशिवाय अंडी घालत नाही. हल्ली त्यासाठी यंत्रं आहेत, तेव्हा हात होता. पिंजऱ्याच्या कापडी बाहीतून कोपरापर्यंत हात आत सारायचा आणि सगळ्यांची पोटं भरेपर्यंत हलायचं नाही. सुरेंद्रचा हात लगेच सुजायचा, म्हणून विजयश्रीने ते काम आपणहून घेतलं. घड्याळ काढून ठेवायची, साध्या पाण्याने हात धुवायची, पिंजऱ्यावर एक फुंकर घालायची, कारण माणसाच्या श्वासाने डास जागे होतात. मग हात आत घालून म्हणायची, "या, बसा जेवायला." दुसऱ्या हातात पुस्तक असायचं. डास पिंजऱ्यातच जन्मलेले, त्यांच्यात रोगाचा लवलेश नव्हता. तरी बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. ती म्हणायची, "माहेरची माणसं आहेत. उपाशी ठेवून कसं चालेल?"

ते सगळं आठवलं की सुरेंद्रला आजही वाटायचं, आपण किती सुखात होतो आणि ते किती उशिरा कळलं.

बाहेरचे डास दरम्यान फवारण्या खाऊन खाऊन निर्ढावले. पिंपळे गुरवच्या कुंड्यांमधला किंवा चाकणला रस्त्याकडेच्या टायरांमधला डास औषधाला किती दाद देत नाही, हे मोजायचं तर शेजारी असा एक भोळा डास लागतो, ज्याच्या सात पिढ्यांनी औषध पाहिलेलं नाही. दिघीचे डास तसे होते. कोणतं औषध अजून चालतं आणि कोणतं नुसताच धूर, हे त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नसे.

विजयश्रीला जाऊन तीन पावसाळे झाले. आणि परवा स्वरूपाचा फोन आला. स्वरूपा विजयश्रीची विद्यार्थिनी, आता संस्थेची प्रमुख. "सर," ती म्हणाली आणि थांबली. मग एका दमात सगळं सांगितलं.

संस्था चाकणजवळच्या नव्या इमारतीत हलली होती. वास्तुशांती केली. शास्त्रज्ञ झालो म्हणून काय झालं, आपल्याकडे नारळ फोडल्याशिवाय सूक्ष्मदर्शकसुद्धा सुरू होत नाही. गुरुजी उत्साही होते. धूप, कापूर, कडुनिंबाचा पाला असा दणदणीत धूर त्यांनी खोलीखोलीतून फिरवला. डासांच्या खोलीतही. ज्यांच्यासाठी घर बांधलं त्यांनाच धुरी दिली, आणि एवढ्या विद्वानांपैकी एकाच्याही डोक्यात ते आलं नाही. स्वरूपा स्वतः हात जोडून मागे उभी होती. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यांच्या तळाशी सडा पडला. कागदावर वाळवून ठेवलेली राखीव अंडी सामान हलवताना भिजून बुरशीने आधीच गेली होती. एकच पिंजरा उरला.

"तो तरी वाचेल असं वाटलं होतं," स्वरूपा म्हणाली. "पण धूर लागल्यापासून त्या यंत्रावर बसतच नाहीयेत, सर. माद्या म्हाताऱ्या होत चालल्यात. आज-उद्यात प्यायल्या नाहीत, तर दिघी संपली."

सुरेंद्र निघाला. त्याचा मुलगा गणराज चाकणलाच गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. त्याने फोनवर सांगितलं, "ओव्हरटाइम आहे, पण सुटलो की घ्यायला येतो. बाबा, एवढं काय त्या डासांचं?" त्याचा डासांवरचा राग जुना होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाला आई यायची तेव्हा तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गांधी उठलेल्या असत. पोरं चिडवायची. एका वर्षी तो म्हणाला, "तू येऊ नकोस." विजयश्रीने मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाउज शिवून घेतलं आणि गेली. पुढं मात्र त्याने प्रयोगशाळेत कधी पाऊल टाकलं नाही.

नव्या प्रयोगशाळेत सुरेंद्रने पिंजरा पाहिला. जाळीला चिकटून बसलेले काळे-पांढरे पट्टेवाले जीव. यंत्र म्हणजे कोमट रक्ताची वाटी आणि तिच्यावर ताणलेला पातळ पडदा. त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. सुरेंद्रने शर्टाची बाही वर करायला घेतली.

"नाही, सर." स्वरूपाने त्याचं मनगट धरलं. "नियम आहे आता. आणि तुम्ही रक्त पातळ करायची गोळी घेता."

"विजूने जन्मभर घातला हात."

"मॅडमच्या हाताला हात लावून शिकलेय मी. पण घालू देणार नाही."

त्याला राग आला, आणि रागाच्या पोटातच कौतुकही वाटलं. विजूची शिष्या शोभत होती. ती काही हात बांधून बसली नव्हती. पडद्याला माणसाचा वास हवा हे तिला ठाऊक होतं. फुंकर घालून झाली होती. विद्यार्थ्यांचे वापरलेले मोजे पडद्यावर घासून झाले होते. पण हल्लीची मुलं, मोज्यांनाही अत्तरांचे फवारे. सुरेंद्रने स्वतःचा मोजा काढून दिला. दोन माद्या आल्या, घुटमळल्या, परत गेल्या. म्हाताऱ्याच्या अंगात तरी काय वास उरणार, तो मनात म्हणाला, आणि त्याला एकदम फार एकटं वाटलं.

चार वाजून गेल्यावर गणराज आला. दाराबाहेर त्याने कंपनीचे जाडजूड सेफ्टी शूज काढले आणि आतल्या माणसांनी नाकं मुरडली. स्वरूपाने मात्र मुरडलं नाही. ती त्याच्या पायांकडे बघत म्हणाली, "गणराज, एक मोजा दे."

"मॅडम, डबल ड्यूटी करून आलोय. या वासाने उरलेलेही मरतील."

"दे रे."

तिने तो चिमट्यात धरून पडद्यावर घासला. पिंजऱ्यावर फुंकर घातली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक मादी उतरली, सोंड टोचली आणि हललीच नाही. मागोमाग दुसरी. मग जाळी रिकामी होत गेली आणि पडदा भरत गेला. बघता बघता पोटं लाल होऊन टचटचीत फुगली.

"लॅक्टिक आम्ल!" स्वरूपाचा आवाज चिरकला होता. "दिवसभर बुटात मुरलेला घाम, त्यात अत्तर नाही, पावडर नाही. तेच असणार. हो ना, सर?"

सुरेंद्रने उभ्या हयातीत विद्यार्थ्यांना एकच गोष्ट बजावली होती: दिसावंसं वाटतं ते पाहू नका, दिसतं ते पाहा. स्वरूपा बरोबर होती. तरी त्याला दिसत होतं ते निराळंच. विजूचा मुलगा आला होता, आणि आजोळच्या माणसांनी त्याला ओळखलं होतं.

"घामच," तो म्हणाला. डोळे पुसायला त्याने चष्मा काढला आणि कुणापासून लपवलंही नाही.

गणराज एका पायात मोजा, एक पाय अनवाणी असा वाकून पिंजऱ्यात पाहत होता. "आई यांनाच हात द्यायची?"

"यांच्या आज्या-पणज्यांना."

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. फुगलेल्या पोटाने एक मादी उडाली आणि त्याच्या चेहऱ्यासमोरच जाळीवर बसली. तो मागे सरकला नाही. मग त्याने दुसऱ्या पायातलाही मोजा काढला आणि स्वरूपासमोर धरला.

"राहू द्या मॅडम," तो म्हणाला, "उद्याच्या जेवणाला लागेल."