फुल्ल टाकीतली कृपा

मंगळवार, सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटे. पेट्रोल पंपावर तीन नंबरच्या मशीनसमोर चौतीस गाड्या उभ्या होत्या. एक, दोन आणि चार नंबरसमोर एकही नव्हती. रांगेचं शेपूट रस्त्यावर आलं होतं आणि शेजारच्या रुग्णालयाच्या फाटकावर आडवं पडलं होतं.

तीन नंबरजवळ खुर्ची टाकून नोझलबाबा बसले होते. गाडी आली की ते पेट्रोलच्या नळीवर हात ठेवत, डोळे मिटत आणि मग काचेला स्टिकर लावत. स्टिकर विकत घ्यावा लागे. कृपा फुकट होती.

"एका फुल्लमध्ये चाळीस किलोमीटर जास्त पळते," एक टॅक्सीवाला मागच्याला सांगत होता. "तीनदा भरलं, तीनदा मोजलं."

"दोन नंबर रिकामा आहे हो! तिकडे घ्या!" मॅनेजर शिट्टी फुंकून ओरडत होता. महिनाभरात त्याने प्लास्टिकचे लाल कोन लावून पाहिले, दोरी बांधली, पाटी रंगवली. कोन चाकांखाली गेले. पाटीला टेकून लोक गप्पा मारत.

रांगेमागे एका विज्ञानशिक्षिकेची गाडी अडकली होती. तिला पेट्रोल नको होतं, फाटक हवं होतं. मागच्या सीटवर तिचे वडील होते. त्यांचं डायलिसिस सातला सुरू व्हायचं आणि अकराला मशीन दुसऱ्या रुग्णाला द्यावं लागायचं. उशीर झाला की तेवढा वेळ कापला जाई. महिन्यात सहा वेळा कापला गेला होता. त्यांचे पाय सुजले होते.

"नाना, उतरता? चालत जाऊ."

"चल. व्यायामाचं तेवढंच राहिलं होतं."

शंभर पावलांना नानांनी वीस मिनिटं घेतली; आत पोचेपर्यंत साडेसात झाले.

त्यांना आत सोडून ती परतली, गाडी कशीबशी बाहेर काढली आणि रिकाम्या एक नंबरला लावली. टाकी फुल्ल झाली, खटका पडला, पेट्रोल थांबलं. मग तिने मॅनेजरला रांग थांबवायला लावून तीच गाडी तीन नंबरवर आणली.

"ओ बाई, आम्ही काय शोभेला उभे आहोत?" मागून कोणीतरी ओरडलं.

"दोनच मिनिटं. इथे पुन्हा फुल्ल करा."

आणखी तीन लिटर गेल्यावर खटका पडला.

नोझलबाबा उठून उभे राहिले. "बघा! भरलेल्या टाकीतसुद्धा कृपा मावली!"

टाळ्या पडल्या. शिक्षिकेने त्या संपू दिल्या. मग टॅक्सीवाल्याला विचारलं, "दादा, तुमची गाडी लिटरला किती देते?"

"तेरा."

"आणि तीन लिटरला?"

"एकोणचा..." तो मध्येच थांबला.

"नळीच्या टोकाशी बारीक छिद्र असतं," ती थकल्या आवाजात म्हणाली. "पेट्रोल तिथवर चढलं की खटका पडतो. इथला खटका उशिरा पडतो, म्हणून तीन लिटर जास्त जातं. पावतीवर ते छापलेलं असतं. पण पावती कोणी वाचत नाही, सगळे फुल्ल मोजतात. फुल्ल हे माप नाही हो. लिटर हे माप आहे. डोळे मिटण्याआधी एकदा पावती तरी वाचा."

"कृपेला लिटर नसतात!" बाबा गरजले.

"खटक्याला स्प्रिंग मात्र असते," तीन नंबरवर पेट्रोल भरणारी मुलगी म्हणाली. "आणि ही तुम्हीच बसवलीत की. तीन महिन्यांपूर्वी दुरुस्तीला आलात तेव्हा दाढी नव्हती, एवढंच."

हशा पिकला. दुपारपर्यंत बाबा दिसेनासे झाले. मॅनेजरने तीन नंबरला साखळी लावली आणि 'नादुरुस्त' अशी पाटी टांगली. नानांना त्या दिवशी चारऐवजी साडेतीन तास मिळाले.

गुरुवार, सकाळी सहा पन्नास. साखळीसमोर एकोणतीस गाड्या. एक, दोन, चार रिकामे. टॅक्सीवाला तिसरा होता.

"दादा, तुम्हीसुद्धा? हिशेब तर तुम्हीच केलात."

"हिशेब पटला हो बाई. शंभर टक्के पटला." त्याने पाटीकडे बोट दाखवलं. "पण नादुरुस्त म्हणजे कधीतरी दुरुस्त होणारच ना? तेव्हा माझा नंबर गेला तर?"

आज नानांना पाय जमिनीला टेकवत नव्हते. सात वाजून वीस मिनिटांनी रांग फाटकावर होती आणि ते गाडीतच बसून होते.