चाळीस फुलांनंतर

मी हाराची सुई बोलतेय. कपडे शिवणारी नव्हे; वीतभर लांब, झेंडूच्या पोटातून आरपार जाणारी. नाशिकच्या फुलबाजारात लंकाबाईंनी मला घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. मळ्यातली फुलंही त्यांची आणि हारही त्यांच्याच हातचे.

मागच्या वर्षी हे हात बिघडले. सकाळचे हार घट्ट, दुपारनंतरचे ढिले. डाव्या डोळ्याची पापणी उतरायची, एकाच्या जागी दोन दोरे दिसायचे. संध्याकाळी भाकरी चावताना जबडा थकायचा. घरचे म्हणाले, कामाचा कंटाळा आलाय. जावेनं दृष्ट काढली. मला भारी राग यायचा, पण सुईचं कोण ऐकतं?

सून उज्वलानं तीन दवाखाने केले. प्रत्येक वेळी लंकाबाई आदल्या दिवशी काम बंद ठेवत, पोटभर झोपत, इस्त्रीची साडी नेसत आणि सकाळचा पहिला नंबर लावत. डॉक्टरांपुढे ताजीतवानी बाई! एकानं चष्मा दिला, दुसऱ्यानं ताकदीच्या गोळ्या, तिसरा म्हणाला, मनाचं आहे.

मग एकदा पाण्याचा घोट नाकातून परत आला आणि उज्वला घाबरली. ती त्यांना नाशिकमधल्याच द्वारका चौकाजवळ मेंदू आणि नसांच्या डॉक्टर साधना मॅडमकडे घेऊन गेली. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि त्रास कधी होतो ते विचारलं. दुपारनंतर, काम करून, असं उज्वलानं सांगितलं.

"मग उद्या संध्याकाळी या," मॅडम म्हणाल्या. "आराम न करता या."

उज्वला हुशार. तिनं पिशवीभर झेंडू आणि मलाही सोबत घेतलं. दिवसभर राबलेल्या लंकाबाई डॉक्टरांसमोर हार ओवायला बसल्या. वीस फुलं झपाझप गेली. तिसाव्या फुलानंतर हात जड झाला. चाळिसाव्या फुलाला पापणी खाली आली आणि मी बोटांतून सुटून फरशीवर पडले. लंकाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडमनी मला उचललं. म्हणाल्या, "हेच बघायचं होतं मला. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. याला मायस्थेनिया म्हणतात. तपासण्या करू, पण यावर औषध आहे."

लंकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे मी कामचुकार नाय ना?"

"अजिबात नाही."

रक्ताच्या आणि नसांच्या तपासणीत तेच निघालं. आता गोळ्या ठरल्या वेळी असतात. काही औषधांनी हा आजार बळावतो, म्हणून कोणतंही नवं औषध घेण्याआधी लंकाबाई आपला आजार सांगतात, तशी चिठ्ठीच बटव्यात आहे. दुपारी मला डब्यात ठेवून तासभर पडतात. त्या वेळी कुणी त्यांना हाक मारत नाही. हार पूर्वीपेक्षा कमी होतात, पण शेवटचाही घट्ट असतो.

माझं एवढंच मागणं आहे. डॉक्टरांकडे जाताना आवरून, विश्रांती घेऊन जाऊ नका. जसे दमता, तसेच जा.