शेवट विनिताला ठाऊक होता

“भाऊ? भावानं मारलं असं लिवलंस तू?” विनितानं शिलाई मशीन थांबवलं. “अगं, तो भाऊ किती भोळा! चाचा त्याच्या हातून माशी तरी मारवतील का?”

चाचा म्हणजे माझे अब्बा. अब्बांची शेवटची रहस्यकथा एका दिवाळी अंकात यायची होती. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं आणि अब्बा गेले. ते प्रकरण मी लिहून पाठवलं. मग बदलून पुन्हा पाठवलं. संपादक सभ्य माणूस. म्हणाले, “नफिसाताई, लिहिलंय उत्तम. पण इद्रिसभाईंचं वाटत नाही.” या आठवड्यात शेवट मिळाला नाही, तर कथा गाळावी लागेल, हेही त्यांनी तितक्याच सभ्यपणे सांगितलं.

म्हणून मी खोपोलीहून कशेळ्याला आले होते. अब्बांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान बंद होतं. त्याला लागूनच विनिताचं शिवणाचं दुकान.

अब्बा काय लिहीत नव्हते? रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, गावच्या जत्रेसाठी नाटकं, शेजाऱ्यांच्या लग्नांत मंगलाष्टका. कागदाला हात लावण्याआधी गोष्ट कुणाला तरी सांगायची, ही त्यांची रीत. त्यातही माणसं वाटलेली. भुतं जीपवाल्या मोरूला, नाटकं सलूनवाल्या हिरूला, रहस्यकथा विनिताला. मला छापलेला अंक मिळायचा, टपालानं, इतर वाचकांसारखा.

मय्यतीच्या दिवशी मोरू रडला तेव्हा मला भरून आलं. विनिता रडली तेव्हा राग आला.

“चहा घेशील?”

“नको. शेवट सांग फक्त. मी लिहून घेते.”

“अशी कशी गं? पोलिसात जबानी द्यायला बसवल्यासारखी!” ती हसली. मग माझ्याकडे बघितलं तिनं. ब्लाऊजच्या बाहीला टाचणी लावत म्हणाली, “रागावलीस माझ्यावर. दिसतंय मला.”

“तुला का सांगायचे ते?” मला विचारायचं नव्हतं. तोंडून गेलं. “मी घरी यायचे. बसायचे त्यांच्यासमोर. एक ओळ कधी ऐकवली नाही मला.”

“तुला घाबरायचे.”

“मला?”

“म्हनायचे, पोरीनं ढीगभर वाचलंय, तिला शेवट आदीच कळंल. मंग माझा चेहरा पडंल. विनिता, तुझं बरं, तुला कायच कळत नाय.” ती पुन्हा हसली, या वेळी डोळे पुसत. “मला कळायचं गं. मी मुद्दाम नाय म्हनायची.”

ही गोष्टसुद्धा तिलाच ठाऊक होती. माझ्याबद्दलची. मी पेनाचं टोपण काढलं.

“ते ठेव बाजूला. आदी ऐक.”

तिनं पंखा बंद केला. आवाज खाली उतरवला. “गाडी घाटात शिरली. इन्स्पेक्टर डब्याच्या दारात हुबा. भाईर धुकं, हात दिसंना हाताला...” वाक्य अर्धवट टाकून ती थांबली. अब्बा तसेच थांबायचे, गोष्टीतच नाही, साधं बोलतानाही. समोरच्याची नजर वर येईपर्यंत. हे थांबणं तिच्याकडे कधी गेलं?

ती पुढे बोलेना.

“मग?” मी म्हटलं.

“मग नाय. हुंकार दे. हुंकार नसंल तर गोष्ट पुढं जात नाय. चाचा तर उठूनच जायचे.”

रस्त्यावर जीपवाला कर्जत, कर्जत ओरडत होता. भरायला एकच माणूस कमी होता त्याला. मी उठले असते तर जीप लगेच सुटली असती. विनिता हातातली टाचणी तशीच धरून माझ्याकडे बघत होती. घाई नव्हती तिला. हुंकार मला द्यायचा होता, तोही तिला.

“हं,” मी म्हटलं.

इन्स्पेक्टर घाटातल्या ठाकुरवाडी स्टेशनावर उतरला.