दारामागचं

"आई, तेवढं पुसून झालंय. ह्या बाजूचं राहिलंय," स्टूल धरून उभी असलेली योगिनी हळूच म्हणाली.

स्टुलावर चढलेल्या तिच्या सासूबाईंचा, साळूबाईंचा हात चौकटीच्या माथ्यावर त्याच वीतभर जागेत पुन्हा पुन्हा फिरत होता. शेजारी धुळीचा थर जसाच्या तसा.

"ठाऊक हाय. दोनदा पुसल्यानं चौकट झिजत नाय," साळूबाई म्हणाल्या. ओलं फडकं त्यांनी अंदाजानं सरकवलं. ते धुळीच्या अलीकडेच थांबलं.

मखमलाबादच्या मळ्यातल्या त्या घरात दसरा काढणं चाललं होतं. घट बसायच्या आत घर उपसून कानाकोपरा धुवायचा, हा नेम. बाहेर झेंडू ऐन भरात, योगिनीचा नवरा योगेश तोडणीत गुंतलेला. घराचं सगळं या सासू-सुनेवर.

समोरचं कोणीही झाडतं. साळूबाई फोटोंच्या पाठी पुसत, विजेच्या बटणांच्या कडा काडीनं कोरत, मिक्सर उलटा करून त्याचं बूड घासत, रॉकेलच्या डब्याखालचा गोल डागही सोडत नसत. त्या नव्या नवरी असताना सप्त्यात बुवांनी कीर्तन थांबवून विचारलं होतं, "माउली, पाहुणा पुढून येतो म्हणून तुम्ही अंगण सारवता. अन् देव मागच्या दारानं आला तर?" मंडप हसला. साळूबाई हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी मागची मोरी घासायला घेतली. ऐकलेलं कीर्तन असं हातात उतरायला मोठं भाग्य लागतं.

आणि आता मोतीबिंदू. फक्त योगिनीला माहीत होतं.

"दिवाळी झाली की ऑपरेशन करू. तवर कुणाजवळ बोलू नको. योगेशला नाय, अक्कांना तर नायच," साळूबाईंनी बजावलं होतं. "जावेचं दिसणं कमी झालं तशी अक्कांनी तिला ओसरीवर बसवलं, हातात माळ देऊन. मला इतक्यात नाय बसायचं."

अक्काबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण, सिन्नरला दिलेली. घट बसायच्या सकाळी एसटीनं यायच्या, पिशवी टेकवायच्या आणि आधी पुढच्या दाराच्या मागं जायच्या. बोटाकडं बघत बाहेर यायच्या. धूळ तपासतात, असं योगिनीनं गृहीत धरलं होतं. साळूबाईही नेमकं तेच दार कुणाला देत नसत. "दारामागं हात लावू नको. ते मी बघते," दरवर्षी तेच.

त्या दुपारी साळूबाई पोथी ऐकायला देवळात गेल्या आणि योगिनीनं पदर खोचला. राहिलेली चौकट पुसली, पंख्याची पाती वरून पुसली. मग दार ओढून घेतलं. पुरुषाच्या खांद्याच्या उंचीवर, सागवानी फळीवर पांढरे, जाड डाग. 'रंग देताना उडालेला चुना,' तिला वाटलं. 'आईंना दिसला नसणार. अक्काआत्या नेमकं इथंच बघतील.' चिंचेचा कोळ लावून तिनं काथ्यानं फळी अशी घासली, की लाकूड चमकायला लागलं.

दुसऱ्या दिवशी अक्काबाई आल्या, पिशवी टेकवून दारामागं गेल्या.

"साळू," आवाज वेगळाच होता. "इथं कुणी घासलं?"

स्वयंपाकघरातून दोघी बाहेर आल्या. फुलांची पाटी घेऊन योगेश उंबऱ्यात उभा होता.

"माझ्या सावळीरामची बोटं होती इथं. तंबाखू मळायचा अन् उरलेला चुना इथं पुसायचा. आईच्या किती शिव्या खाल्ल्या त्यानं ह्याच्यापायी. तो गेला तरी बोटं होती. मी येते कशाला दरसाल?"

सासरे, सावळीराम, वारल्यावर योगिनी या घरात आली होती. हातातला नारळ तिनं छातीशी धरला. तिनं तोंड उघडलं, पण त्याआधीच साळूबाई बोलल्या.

"मीच घासलं, अक्का."

"तू? तू तर कुणाला फिरकू देत नव्हतीस."

"दिसलं नाय मला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. फडकं फिरत गेलं."

योगेशनं पाटी खाली ठेवली. "आई, अगं, काय बोलतेस?"

अक्काबाईंचा राग तिथंच विरला. त्यांनी भावजयीचा हात धरला, तिला पाटावर बसवलं. "सांगायचं नाय का, बाई? बस आता निवांत. यंदा घट सूनबाई बसवंल."

साळूबाई बसल्या. घट योगिनीनं बसवला. माती पसरताना, माळ बांधताना तिची मान वर झाली नाही.

आरती झाली. सगळे प्रसादाला वळले तशी ती सासूबाईंजवळ टेकली. "आई, ते मी..."

"गप. मला दारापाशी ने."

योगिनीनं दार ओढलं. साळूबाईंनी खांद्याच्या उंचीवर पंजा टेकवला आणि एकेक बोट सावकाश फिरवलं, जिथं त्या खुणा होत्या तिथं.

"कशानं घासलंस?"

"चिंचेनं. काथ्यानं."

"लय गुळगुळीत निघालंय."

बोटं फळीवरून कडेला गेली, खाली उतरली, बिजागरीवर थांबली.

"हितं चिंचेची शीर अडकलीय बघ," साळूबाई म्हणाल्या आणि कमरेचं फडकं काढून त्यांनी सुनेच्या हातात दिलं. "आतून पूस. वरवर नको."