तीस अंशांनी खोटी

मित्रांनो, मी एका बेकरीतली जुनी भट्टी आहे आणि माझा तापमानाचा काटा खोटं बोलतो. हे मी मान खाली घालून सांगत नाही. मी लोखंडाची आहे, मला मानच नाही.

काटा पहिल्याच वर्षी बिघडला. आत दोनशे दहा अंश तापलेलं असलं, तरी तो एकशे ऐंशीच दाखवायचा. दुरुस्त करायला सवड कुणाला होती? पाव भाजण्याचं काम पाहणाऱ्या मावशीने त्याच्याशी जमवून घेतलं आणि भिंतीवरच्या फळ्यावर लिहिलं, 'पाव – १८०'. बावीस वर्षं त्या आकड्यावर पाव टम्म फुगले. लोक वाखाणायचे आणि मी भाव खायचे.

मग मालकांनी बटणांची नवी भट्टी आणली. ती बसवायला एक साहेब आले. त्यांनी फळ्याचा फोटो काढला, आकडे नव्या भट्टीत भरले आणि कुणी बदलू नयेत म्हणून कुलूपबंद केले.

मावशी म्हणाली, "साहेब, तो आकडा जुन्या काट्याचा आहे, जरा ऐका..."

"मावशी, आता सगळं मशीनच बघेल," म्हणत त्यांनी तिला वाटेला लावलं. माझ्यावर रिकामी पोती येऊन पडली.

तीन दिवस पाव आतून कच्चे निघाले. साहेबांनी येऊन नवी भट्टी तपासली, ती ठीकच निघाली. मालक मावशीवर भडकले. "नवं नको म्हणून मुद्दाम करताय तुम्ही! मावशी, उद्यापासून येऊ नका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशी मात्र जागची हलली नाही.

"जाते. पण आधी जुनी पेटवा."

पोती निघाली. मी तापले, अगदी जीव तोडून तापले. काटा एकशे ऐंशीवर आल्यावर मावशीने साहेबांचाच तापमापक आत धरायला लावला. त्यावर दोनशे दहा! साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"आकडे तेवढे उचललेत," मावशी म्हणाली. "ते वाचायचे कसे, हे आम्हाला विचारायचं होतंत ना!"

मालक ओशाळले. "चुकलं माझं, मावशी. आकडे आता तुम्हीच भरा."

मला लवकरच मोडीत काढतील. खुशाल काढा. नवी भट्टी चांगली आहे, माझं तिच्याशी काही वाकडं नाही. पण मित्रांनो, उद्या तुम्ही कुठे काही नवं बसवाल, तेव्हा जुन्यापाशी राबलेल्या माणसाला आधी विचारा. माझी कीव करू नका, मावशीचं ऐका. नाही ऐकलंत, तर कच्चे पाव खा.