नाव लपवायची खूण

मला हातात धरता येत नाही, माझी घडीही घालता येत नाही. मी पडद्यावरचा फॉर्म आहे, आणि आज बोलल्यावाचून मला राहवत नाही.

विद्यापीठाच्या स्टाफरूममध्ये, एका मंगळवारी दुपारी माझा जन्म झाला. मॅडमनी कँटीनच्या पाहणीचा जुना फॉर्म उघडला, 'चहा कसा वाटला?' हे खोडलं आणि तिथे लिहिलं, 'पुरावा पुरेसा आहे का? काय सुधारता येईल?' प्रत्येकाने वर्गातल्या दोघांचे प्रकल्प वाचून माझ्यात अभिप्राय लिहायचा, हे माझं काम.

पहिल्या आठवड्यात बासष्ट जणांनी एकमेकांना पाचपैकी पाच गुण देऊन टाकले. 'छान आहे.' 'खूपच छान.' एकाने तर प्रकल्प न उघडताच 'अप्रतिम' ठोकलं. मॅडम वैतागल्या.

"'छान' म्हणजे अभिप्राय नव्हे, ती अंग काढून घेण्याची रीत झाली. मोकळेपणाने लिहा. कुणी काय लिहिलं ते कुणाला कळणार नाही, माझा शब्द आहे."

 पण नाव लपवायची खूण त्यांनी केलीच नव्हती! कँटीनला ती लागत नव्हती, म्हणून ती चौकट कोरीच राहिली होती. मला दिसत होतं, पण सांगणार कसं?

मुलं मात्र त्या शब्दावर विसंबून खरं लिहू लागली. त्यात एक चष्मेवाली होती. तिच्या वाट्याला आक्काचा प्रकल्प आला. आक्का वर्गात सगळ्यांत मोठी. आठ वर्षं नर्सची नोकरी करून पुन्हा शिकायला आलेली. दवाखान्यात रुग्णांना किती वेळ ताटकळावं लागतं, हा तिचा विषय. दोघी पहिल्या दिवसापासून एका बाकावर बसायच्या.

चष्मेवालीने लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. चार वेळा. खोडलेलं मॅडमना दिसत नाही, मला दिसतं. शेवटी तिने डोळे मिटून पाठवलं : 'तिसऱ्या भागातले आकडे मोजून घेतलेले वाटत नाहीत, बसवलेले वाटतात.'

शुक्रवारी संगणक कक्षात मॅडमनी अभिप्राय खुले केले. प्रत्येक ओळीशेजारी नाव! आधी खुसखुस झाली, मग जो तो आपलं नाव शोधू लागला. आक्काने पडद्यावरून मान वळवली.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"मी शेजारी बसते तुझ्या. तोंडाने सांगता आलं नाही?"

"जीभ रेटली नाही, आक्का."

आक्काने पिशवी उचलली आणि ती निघून गेली. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. "चूक तुमची नाही, माझी आहे," त्या म्हणाल्या, "शब्द मी दिला होता." आणि त्यांनी मला बंद केलं.

सोमवारी मी पुन्हा उघडलो तो स्टाफरूममध्ये. समोर आक्का उभी होती.

"मॅडम, ती खरं बोलली. शेवटचे अकरा रुग्ण मी अंदाजाने भरले. सासूबाई आजारी होत्या, जायला जमलं नाही. रागाने गेले खरी, पण राग माझाच मला आला होता."

मॅडमनी प्रकल्पाचा तिसरा भाग उघडला. मग म्हणाल्या, "गुण कापावे लागतील. पण चार दिवस देते. जाऊन बसा, मोजून आणा."

आक्का गेली, मोजून आली. अकराच्या अकरा. वेळ तिच्या अंदाजाच्या दुप्पट निघाला. मॅडमनी मला दोन दिवस उघडलं आणि वर्गाला बजावलं, "या वेळी नावं दिसणार आहेत. लिहायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा."

फक्त एकोणीस जणांनी लिहिलं. चष्मेवाली माझ्यापुढे कितीतरी वेळ बसून होती. माझा जीव टांगणीला लागला होता. मग तिने लिहिलं, 'आता आकडे पटले. पण अकरापैकी चौघं तपासणी न होताच परत गेले, हे तू तळटिपेत का दडवलंस? ते वर आण.' एकही अक्षर न खोडता पाठवलं.

आता माझ्या कपाळावर 'उत्तरे स्वीकारणे बंद' अशी पाटी आहे. चष्मेवालीचा अभिप्राय आक्काने वाचला, एवढं मला कळलं. त्या दोघी पुन्हा एका बाकावर बसतात की नाही, हे मला दिसत नाही. तुमच्यापैकी कुणाला दिसल्या, तर मला कळवा. माझ्यात लिहिता येणार नाही, पण कुठेतरी कळवा.