पाटीवरचं नाव

"उत्पत्ती, माहिती उपलब्ध नाही. अर्थ, विसावा, फुरसत. लोकप्रियता, नोंद नाही," लेकीनं फोनवरचं वाचून दाखवलं आणि काकूंची मोजणी चुकली.

काकू तेव्हा टेबलफॅनच्या मोटरीची कॉइल गुंडाळत होत्या. हातमशीनचा दांडा फिरवायचा, तांब्याची तार कुठे अडकत नाही ना ते पाहायचं आणि मनातल्या मनात वेढे मोजायचे. वेढे कमीजास्त झाले की आधी पंखा तापतो आणि मग गिऱ्हाईक तापतं. मोजणी चालू असताना काकूंशी बोलायचं नाही, हे लेकीला लहानपणापासून ठाऊक होतं. गुडघा फोडून शाळेतून आली तेव्हासुद्धा कॉइल पुरी होईपर्यंत ती दारात उभी राहून मुकाट रडली होती. पण आठव्या महिन्यात माणसाची शिस्त जरा सैल होते. काकूंनी सगळी तार उलगडली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

लेक काही महिने नावांच्या मागे हात धुऊन लागली होती. फोनवर नावांचा बाजारच भरलेला होता. प्रत्येक नावाचा अर्थ, ते कुठून आलं आणि किती जणांनी ठेवलं, सगळं तिथं मिळायचं. आवडलेलं नाव यादीत वर निघालं की लेकीचा चेहरा पडायचा. खाली निघालेलं नाव उच्चारताना जीभ वळायची नाही. शेवटी आज सकाळी दुकानात शिरताना तिनं सहज मान वर केली आणि तिला हसू आलं. दारावर पाटी होती : 'उसंत पंखे व मोटर दुरुस्ती'. मुलगा होवो नाहीतर मुलगी, नाव उसंत, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. एवढं घरचं नाव सोडून आपण गावभर शोधत बसलो, असंही वर म्हणाली.

"माणसाचं नाव आहे का ते?" काकूंनी मान वर न करता विचारलं.

"तुला तर सगळे त्याच नावानं ओळखतात."

ते खरंच होतं. गल्लीत त्यांना उसंतकाकू म्हणत. आधी गिऱ्हाईकं म्हणू लागली, मग शेजारी, मग पाणीवाला आणि दवाखान्यातली नर्ससुद्धा. त्यांचं मूळ नाव नवरा होता तोवर एका माणसाच्या तोंडी होतं आणि तो गेल्या वर्षी गेल्यापासून कोणाच्याच नव्हतं. नवरा बोलका होता. पाटीवरच्या नावाबद्दल कोणी विचारलं की तो म्हणायचा, पंखा चालू झाल्याशिवाय माणसाला उसंत कुठली? लोक खूश व्हायचे, काय नाव शोधलंय म्हणायचे. तोही हसायचा आणि मग काहीतरी आणायचं निमित्त करून आत जायचा. आत गेला की बराच वेळ बाहेर येत नसे. एवढं मात्र कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

दोन दिवसांनी लेकीबरोबर जावई आले. ते विमा कंपनीत होते आणि बायकोनं ठरवलेल्या गोष्टीला अनुमोदन देण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. नाव त्यांना पसंत होतं. ऑफिसात कोणाच्याच मुलाचं नाही, म्हणाले. फक्त त्यांच्या आईचं म्हणणं पडलं होतं की नातवंडाला अंगणातून हाक मारली तर कोणीतरी बंद पडलेला पंखा घेऊन यायचं.

काकूंना बुडत्याला काडीचा आधार मिळावा तसं झालं. "विहीणबाई बरोबर बोलतायत," त्या म्हणाल्या. "पोराला शाळेत चिडवतील. दुसरं बघा. छान छान नावं असतात."

जावयांनी बायकोकडे पाहिलं. लेकीनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"बाबांनी ठेवलेलं एकच नाव आहे आपल्याकडे," ती म्हणाली. "माझं नाव तर आत्यानं ठेवलं. बाबा आता बाळाला बघणार नाहीत, त्यांचं काहीतरी बाळाकडे असावं एवढंच मला वाटत होतं. तुला दुकानाची लाज वाटते का, आई?"

काकूंच्या हाताला कॉइलवर लावायचं वार्निश लागलं होतं. त्या ते पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. लाज वाटते असं म्हणावं तर ते खोटं, आणि नाही म्हणावं तर पुढचं सांगावं लागणार. त्यांनी वार्निशच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं. लेकीनं त्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि उठून गेली. जावई दारात क्षणभर घुटमळले, पंख्याचे भाव चढलेत म्हणे असं काहीतरी पुटपुटले आणि तेही गेले.

मग लेकीचा फोन येईना. काकूंनी केला तर 'बरी आहे' एवढंच. काकूंनी आलेली कामं उरकली, पण दोन मोटरी परत आल्या, जे दुकानाच्या इतिहासात घडलं नव्हतं. त्यांना सरळ दिसत होतं की बाळ येण्याच्या आत हे बोललं नाही, तर लेक आयुष्यभर अढी धरून बसेल आणि नाव तर ठेवलं जाईलच. मग त्या पोराला दिवसातून पन्नास वेळा त्या नावानं हाक मारायची, त्याचे लाड करायचे, त्याला रागवायचं. आपल्याच्यानं ते होणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शेवटी एका दुपारी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं, हत्यारांची पिशवी घेतली आणि लेकीचं घर गाठलं.

"पंख्याचा आवाज येतो म्हणे तुमच्या," दार उघडल्यावर त्या म्हणाल्या.

"कोण म्हणे? चांगला चाललाय."

"बघते तर खरं."

लेक पलंगावर जाऊन बसली. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं आणि तिचे पाय सुजले होते. काकूंनी टेबलफॅन जमिनीवर घेतला, फतकल मारली, जाळी काढली. बेअरिंग खरंच कोरडं पडलं होतं. त्यांना बरं वाटलं, कारण हात रिकामे असले की त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे.

"ते नाव दुकानाचं नाही," त्या म्हणाल्या.

लेक उशीला टेकली होती, ती सरळ बसली.

"मुलीचं आहे. आमच्या. तुझ्या आधीची."

मग त्यांनी सांगितलं. लेकीचे बाबा तेव्हा कारखान्यात होते. जेवणाच्या सुट्टीत धावत घरी यायचे, दोन घास खायचे आणि जायच्या आधी काकूंच्या पोटावर हात ठेवून म्हणायचे, आत्ता कुठे उसंत मिळाली. रोज म्हणता म्हणता पोटातल्या बाळालाच उसंत म्हणायची सवय लागली. आज उसंत फार लाथा मारतेय, उसंतला झोप नाही, असं दोघं बोलत. कोणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. त्याच दिवसांत नोकरी सोडून दुकान टाकायचं ठरलं, आणि दुकानाला बाळाचंच नाव द्यायचं म्हणून पाटी रंगवायला टाकली. बाळ वेळेआधी आलं. श्वास घेताना दमायचं. आठवडाभरही राहिलं नाही.

"दवाखान्यातून आम्ही रिकाम्या हातानं आलो," काकू म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवशी पेंटर पाटी घेऊन दारात. त्याला काय माहीत. शिडी लावून चढला आणि विचारतो, सरळ आहे का बघा. तुझे बाबा खाली उभे होते. म्हणाले, जरा डावीकडे घ्या."

लेकीनं तोंडावर पदर घेतला. काकू बेअरिंगला ग्रीस लावत होत्या.

त्या दिवसानंतर पाटी काढायची हिंमत दोघांपैकी एकालाही झाली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी लेक झाली, तेव्हा दोघांनी ठरवलं की हिला सांगायचं नाही. आपण कोणाच्या तरी जागी आलोय असं पोरीला वाटायला नको. थोडी मोठी झाली की सांगू म्हणता म्हणता तिचं लग्न झालं आणि सांगणारं एक माणूस गेलं.

"आणि सगळे तुला त्याच नावानं हाक मारतात," लेक म्हणाली. "तुला कसं चालतं?"

"आधी नाही चालायचं. आत जाऊन रडायचे. मग वाटलं, कोणीतरी तिचं नाव घेतंय ना. नाहीतर कोण घेणार होतं? दिवसातून चार वेळा कोणीतरी उसंत म्हणतं, मी ओ देते. तिच्या वतीनं देते म्हण."

एवढं बोलून काकूंचा आवाज बसला. लाज, राग, भीती यातलं काही नव्हतं ते. साधं दुःख होतं, इतकी वर्षं जुनं असून जसंच्या तसं. लेक पलंगावरून उतरू लागली तशी त्यांनी हातानंच तिला बसून राहा म्हणून खुणावलं.

"मला माहीत असतं तर मी असा हट्ट धरला नसता, आई. नाही ठेवत."

"तुझ्या बाळावर माझा राग नाही. त्याला सगळं देईन. बाबांचं घड्याळ आहे, दुकान आहे, काय हवं ते दे त्याला. पण तिला आम्ही एवढी एकच गोष्ट देऊ शकलो. ती तिच्याकडून काढून घेववत नाही मला."

लेकीनं मान हलवली. काकूंनी पाती बसवली, जाळीच्या कड्या लावल्या, वायर भिंतीतल्या सॉकेटपाशी नेली. पंखा फिरू लागला, अगदी बिनआवाज. काकू पिशवी आवरायला लागल्या, पान्हा, पक्कड, ग्रीसची डबी. लेकीनं हळूच विचारलं, "ताई दिसायला कशी होती गं?"

काकूंचा हात पिशवीतच राहिला. ती मुलगी कोणाची तरी ताई आहे, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. ती कशी दिसायची, हेही आजवर त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"सावळी होती," त्या म्हणाल्या. "केस इतके, की नर्स म्हणाली, हिची वेणी घालू का." त्यांनी पिशवी बाजूला सारली आणि पलंगावर लेकीच्या शेजारी जाऊन बसल्या. "बोटं लांब होती, तुझ्या बाबांसारखी. माझं बोट धरायची, आणि सोडायचं म्हटलं तरी सोडायची नाही."